स्लीपओव्हरच्या आधी विचारायचा प्रश्न

प्रश्न: आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधील डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. मुलगा तिसरीत आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी हल्लेखोर आला तर लपून बसण्याचा सराव, झाली. दिवे मालवून सगळी मुले कपाटामागच्या कोपऱ्यात बसली आणि कोणी बोलू नये म्हणून बाईंनी प्रत्येकाला एकेक लॉलीपॉप दिला, हे त्याने घरी येऊन अगदी सहज सांगितले. दुसऱ्या दिवशी मात्र आजोबांनी घेऊन दिलेले, चालताना दिवे लागणारे बूट घालायला त्याने साफ नकार दिला. अंधारात ते चमकतील, असे त्याचे म्हणणे. कुठेही गोळीबार झाला की सांगलीहून सासूसासऱ्यांचा फोन येतो आणि ‘पुरे झाले, आता परत या’ हा विषय निघतो. माझे पती म्हणतात की आपणही घरात एक पिस्तूल ठेवावे. त्यांचे ऑफिसातले मित्र त्यांना या शनिवारी शूटिंग रेंजवर बोलावत आहेत. ते एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. आमच्या मराठी मंडळात याच वादावरून दोन कुटुंबांचे बोलणे बंद झाले आहे. आता मुलाला वर्गमित्राकडे स्लीपओव्हरचे, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाचे, आमंत्रण आले आहे. माणसे चांगली आहेत, पण त्यांच्या गॅरेजमध्ये शिकारीचे सामान दिसते. आम्ही काय करावे?

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. शनिवारच्या रेंजला तुमच्या पतींनी जाऊ नये. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावरील माणसाला, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. पण ते आपल्याला लागू होतात की नाही, हे मित्राच्या सांगण्यावरून ठरवू नये, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे. ‘बाळगणे’ यात मालकीची बंदूकच येते असे नाही; रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरलेली बंदूकही त्यात येऊ शकते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले रिहाईफ प्रकरण असेच सुरू झाले होते. विद्यार्थी व्हिसावर आलेला एक तरुण विद्यापीठातून कमी केला गेला, तरी देशात राहिला आणि फ्लोरिडातील एका रेंजवर जाऊन त्याने नेमबाजी केली. देशात राहण्याबाबत आपला कायदेशीर दर्जा काय आहे हे त्याला ठाऊक होते, हेही सरकारला सिद्ध करावे लागेल, असा निकाल न्यायालयाने दिला खरा, पण तोवर त्याच्या आयुष्याची किती वर्षे खटल्यात गेली असतील याचा विचार करावा. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ च्या कायद्याने दहा वर्षांवरून पंधरा वर्षे केली आहे. पुढे ग्रीन कार्ड मिळाले तरी शस्त्रविषयक गुन्ह्यातील दोषसिद्धी हे देशाबाहेर घालवले जाण्याचे कारण ठरू शकते. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते, हे ऐकून आपल्याकडची बरीच मंडळी ‘इथे सगळे चालते’ असा समज करून घेतात. राज्याने दिलेली ही मोकळीक संघराज्याची मनाई पुसून टाकत नाही.

आता स्लीपओव्हर. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्राचा गाभा हाच आहे. सामूहिक गोळीबाराची बातमी आली की आपण सारे टीव्हीसमोर बसून एका अनोळखी, माथेफिरू माणसाची कल्पना करू लागतो आणि शेजारच्या घराकडे पाहायचे विसरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होते. आकडे वेगळेच सांगतात. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबारातील मृत्यू हा या आकड्याचा अगदी लहान हिस्सा असतो. २०२० पासून अमेरिकेतील लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे, मोटार अपघात नव्हे. शाळांतील हल्ल्यांचा माग काढला तरी वाट बहुधा घराकडेच जाते. २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या न्यूटाउन गावातील सँडी हुक शाळेत वीस बालके आणि सहा कर्मचारी मारले गेले; हल्लेखोराने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईच्या होत्या. २०१८ मध्ये तुमच्याच राज्यात सँटा फे हायस्कूलमध्ये दहा जण मेले, तेव्हा बंदुका वडिलांच्या होत्या. मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलच्या २०२१ च्या हल्ल्यानंतर तर मुलाच्या आईला आणि वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी किमान दहा वर्षांची शिक्षा २०२४ साली झाली. शाळेतील गोळीबारासाठी पालक अशा रीतीने दोषी ठरण्याची अमेरिकेतील ती पहिलीच वेळ होती.

अमेरिकेतील दहांपैकी सुमारे चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात आणि टेक्सासमध्ये तर शिकार हा कित्येक कुटुंबांचा पिढीजात छंद आहे. त्यामुळे गॅरेजमध्ये सामान दिसले म्हणून ते घर वाईट ठरत नाही. बंदूक कशी ठेवली आहे एवढाच प्रश्न आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीचा सल्ला असा की ज्या घरात मुले आहेत तिथे बंदूक नसणे सर्वांत सुरक्षित. असलीच तर ती रिकामी, कुलूपबंद असावी आणि काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात असावीत. मूल दुसऱ्याकडे खेळायला जाणार असेल तर हा प्रश्न आधी विचारावा, असेही ही अकादमी सांगते. टेक्सासच्या कायद्यात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो, तेव्हा तुम्ही काही जगावेगळे विचारत आहात असे मुळीच नाही.

अडचण आपल्या संकोचाची आहे. पाहुणचार करणाऱ्याला असे विचारणे आपल्या वळणात बसत नाही. ज्याच्याकडे जेवायचे त्याच्या घराची झडती घेतल्यासारखे वाटते. म्हणून प्रश्न एकटा विचारू नका, इतर चार गोष्टींच्या ओळीत बसवा. त्या मुलाच्या आईला आधीच, मुले समोर नसताना, फोन करा. आमचा मुलगा अंडे खातो पण मांस खात नाही, त्याला रात्री खोलीत छोटा दिवा लागतो, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे ना, आणि घरात बंदुका असतील तर त्या रिकाम्या करून कुलपात असतात ना, आम्ही हे सगळ्यांनाच विचारतो. एवढे सांगून गप्प राहा. शिकार करणारी जबाबदार माणसे बहुधा लगेच आपल्या गन सेफविषयी, म्हणजे बंदुकीच्या तिजोरीविषयी, सांगतात, कारण त्यांच्या घरी मुलांना शिस्त लावताना हेच पहिले शिकवलेले असते. उत्तर टाळाटाळीचे आले, किंवा ‘आमच्या मुलाला ठाऊक आहे, तो हात लावत नाही’ असे आले, तर भांडू नका. त्या मुलाला तुमच्याकडे मुक्कामाला बोलवा. जिज्ञासू मुलांना हात लावू नये हे ठाऊक असते आणि तरीही ती लावतात, हे आपण बर्फीच्या डब्याच्या बाबतीत पाहतोच.

तुमच्या पतींच्या पिस्तुलाच्या विचाराला कायद्याने आडकाठी आहेच, पण उद्या ग्रीन कार्ड आले तरी हा विचार पुन्हा तपासावा. घरात बंदूक असण्याचा आत्महत्येच्या वाढलेल्या धोक्याशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. अभ्यासाच्या आणि स्पर्धेच्या ओझ्याखाली वाढणाऱ्या आपल्या किशोरवयीन मुलांच्या बाबतीत ही गोष्ट मंडळाच्या व्यासपीठावर कोणी बोलत नाही. मूल खचलेले वाटले तर ९८८ हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीचा अमेरिकेतील मदतीचा फोन क्रमांक आहे; तो फ्रीजवर लावून ठेवायला हरकत नाही.

बुटांचे म्हणाल तर ते त्याने घालावेत असा आग्रह धरू नका. बूट नको म्हणणे हा त्याच्या वयाचा विचारपूर्वक उपाय आहे आणि त्याला हसणे किंवा त्यावर रडणे, दोन्ही त्याला कळते. ‘असे काही होणार नाही’ असे वचन देऊ नका, कारण तेच जर खरे असेल तर कोपऱ्यात बसवले कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न असेल. असे प्रसंग फार क्वचित येतात, मोठी माणसे त्याची तयारी करतात, आग लागल्यावर बाहेर पडण्याचा सराव असतो तसाच हा सराव आहे, एवढे पुरे. शाळेला मात्र एक ईमेल लिहा आणि ड्रिल कशी होते ते विचारा. खोट्या गोळीबाराचे आवाज किंवा हल्लेखोराचे सोंग असलेले सराव मुलांसाठी करू नयेत, पालकांना आधी कळवावे, असे बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०२० मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

सांगलीच्या फोनला उत्तर सोपे नाही. मे २०२३ मध्ये तुमच्या घराजवळच्याच ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले आणि त्यांत हैदराबादहून आलेली एक तरुण अभियंता होती. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील ३२ मृतांमध्ये मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती. त्यामुळे ‘आमच्याकडे असले काही नसते’ हे सासूसासऱ्यांना पटणार नाही आणि पटवूही नये. त्यांना शाळेचे दार कसे बंद असते, कोणाला आत सोडतात, हे सांगा. भेटीला येतील तेव्हा शाळा दाखवा. घटनेच्या पहिल्या दिवशी व्हॉट्सॲपवर येणारे व्हिडिओ मात्र पुढे पाठवू नका, असे त्यांनाही नम्रपणे सांगा. सँडी हुकचा प्रसंग बनावट होता, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या ॲलेक्स जोन्सला कनेक्टिकटच्या ज्यूरीने २०२२ मध्ये सुमारे ९६.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी असा निकाल दिला. त्या अफवांमुळे मुले गमावलेल्या आईबापांना धमक्या येत होत्या.

राहिला मंडळातील वाद. घटनेनंतर या देशात काय होते ते आता पाठ झाले आहे: झेंडे अर्ध्यावर येतात, मेणबत्त्या लागतात, नेते प्रार्थना व्यक्त करतात, एक बाजू कायदा मागते, दुसरी बाजू आता राजकारण नको म्हणते, निर्बंध येतील या धास्तीने बंदुकांची विक्री वाढते, आणि पुढे ये रे माझ्या मागल्या. सँडी हुकनंतर चारच महिन्यांनी, लोकांचा मोठा पाठिंबा असतानाही, खरेदीपूर्व तपासणीची, म्हणजे बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची, व्याप्ती वाढवणाऱ्या दुरुस्तीला सिनेटमध्ये ५४ मते पडली आणि लागणारी ६० न मिळाल्याने ती बारगळली. पण ‘इथे काही बदलतच नाही’ हेही खरे नाही. पार्कलँडच्या शाळेवरील २०१८ च्या हल्ल्यानंतर फ्लोरिडासारख्या बंदूकप्रेमी राज्याने तीन-चार आठवड्यांत खरेदीचे वय २१ केले आणि धोकादायक व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याची तरतूद केली. तुमच्या राज्यातील युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, त्यानंतर सुमारे महिनाभराने, २५ जून २०२२ रोजी, दोन्ही पक्षांच्या मतांनी संघराज्याचा बंदूकविषयक कायदा झाला. गंमत म्हणा की विसंगती, दोनच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या प्रकरणात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क अधिक रुंद केला होता.

आपली माणसे या वादात गोंधळतात, कारण आपण शस्त्राचा परवाना ही सरकारने दिलेली सवलत मानत वाढलो. निवडणूक आली की परवानाधारकाने बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, हे आपल्याकडे कोणाला वावगे वाटत नाही. इथे १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ व्यक्तीचा हक्क असा लावला. हा हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे. १९९६ नंतर ऑस्ट्रेलियाने लाखो बंदुका परत घेतल्या, हे उदाहरण मंडळात हमखास निघते. ते उदाहरण चांगले आहे, पण त्या देशाच्या घटनेत असा हक्क लिहिलेला नव्हता. माझे मत विचाराल तर कुलपाचा कायदा आणि खरेदीपूर्व तपासणी यांच्या बाजूने मी ठामपणे आहे, आणि शिकार करणाऱ्या शेजाऱ्याशी बोलताना त्याच दोन मुद्द्यांवर सर्वांत लवकर एकमत होते असा अनुभव आहे. बोलणे बंद झालेल्या दोन कुटुंबांना बंदुकांवर चर्चासत्र भरवून एकत्र आणायला जाऊ नका. दोघांना वेगवेगळे जेवायला बोलवा.

तुम्हाला मतदानाचा हक्क नाही आणि तुमच्या व्हिसावर निवडणुकीला देणगी देणेही बेकायदा आहे, हे लक्षात असू द्या. शाळेच्या मंडळाच्या सभेत मात्र पालक म्हणून बोलायला नागरिकत्व लागत नाही. लॉस एंजेलिसच्या शाळांनी बंदुका कुलपात ठेवण्याविषयी पालकांना लेखी सूचना पाठवण्याचा ठराव २०१९ मध्येच केला. तुमच्या शाळेकडून अशी सूचना येते का ते आधी विचारा. येत नसेल तर सभेच्या आधी नाव नोंदवा, बोलायला मोजकीच मिनिटे मिळतात म्हणून मजकूर लिहून न्या, आणि जमल्यास गॅरेजमध्ये शिकारीचे सामान ठेवणाऱ्या त्या शेजाऱ्यांनाही सोबत या म्हणून विचारून पाहा.