सत्ता-महत्त्वाकांक्षा सोडून अध्यात्माकडे वळणं म्हणजे जगापासून पळणं आहे का?

नाही. विनोबा भावेंचंच बघा. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा हुशार मुलगा सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याआधीच शाळेची प्रमाणपत्रं त्याने आईसमोर चुलीत घातली होती. परतीची वाटच ठेवली नाही! ओढ ब्रह्मजिज्ञासेची होती, पण त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात पोहोचले आणि दळण, सूतकताई, सफाई हीच साधना झाली.

पुढे १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीनांनी विनोबांकडे जमीन मागितली, गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर दिली आणि भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याची चळवळ, सुरू झालं. मग विनोबा वर्षानुवर्षं देशभर पायी फिरले. स्वतः कुठलंही सत्तापद घेतलं नाही. मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली, काही वाटलीच गेली नाही, हेही खरं. तरी ज्याला स्वतःसाठी काही नको, त्याच्या शब्दावर लोक सातबाऱ्यावरची जमीन देतात, हे मला फार मोठं वाटतं.

त्यामुळे अध्यात्मासाठी नोकरी सोडायची का, हा प्रश्न मी नंतरचा मानतो. आधी रोजच्या एका कामातून श्रेयाची अपेक्षा काढून बघा. तेच सगळ्यांत अवघड जातं.