जास्वंद नव्हे, लाल अंबाडी

प्रश्न : रक्तदाबासाठी हायबिस्कसचा चहा चांगला, असं वाचून जास्वंदीची फुलं वाळवली. महिनाभर रोज दोन कप घेतोय, पण आकडे जागचे हलत नाहीत. माझं काय चुकतंय?

उत्तर : फूलच चुकलंय. जास्वंद आणि लाल अंबाडी ही एकाच वंशातली भावंडं, म्हणून दोघींना हायबिस्कस म्हणतात. रक्तदाबावरचा महत्त्वाचा अभ्यास मात्र लाल अंबाडीवर, म्हणजे हायबिस्कस सॅबडॅरिफावर झालाय. त्यातही पाकळ्या नाही वापरायच्या. फूल गळल्यावर उरणारं मांसल, लाल बोंड वापरायचं आणि आतली बी काढून टाकायची.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१० सालच्या चाचणीत ६५ जणांना सहा आठवडे रोज तीन कप चहा किंवा तसंच दिसणारं, चवीचं पेय दिलं. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी ७.२ने उतरला, दुसऱ्या गटाचा १.३ने. सुरुवातीला ज्यांचा आकडा जास्त होता, त्यांच्यात उतार जास्त दिसला. म्हणजे गुण आहे, पण माफक.

प्रमाण तेच ठेवा : २४० मिलि उकळतं पाणी, १.२५ ग्रॅम वाळलेली बोंडं. एवढंसं वजन घरच्या काट्यावर नीट कळत नाही. त्यापेक्षा १० ग्रॅम मोजून त्याचे आठ सारखे भाग करा. पाणी ओतून झाकण ठेवा, सहा मिनिटांनी गाळा. गॅसवर उकळत ठेवलं तर चहा आंबटढाण होतो, मग साखर पडते आणि मूळ हेतूच बुडतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. ॲल्युमिनियम आणि तांबं आंबटाला चालत नाही. पिऊन झाल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा, दात लगेच घासू नका.

आकडे पाहायचे ते पाच मिनिटं शांत बसून, हात हृदयाच्या पातळीला टेकवून, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. दमून आल्याआल्या घेतलेल्या आकड्यावरून चहाला दोष देऊ नका.

प्रश्न : हा चहा सुरू केला तर गोळी बंद करता येईल का?

उत्तर : नाही. वरच्या चाचणीतली माणसं रक्तदाबाची औषधं घेत नव्हती, त्यामुळे ती गोळीच्या जागी चहाची परीक्षा नव्हतीच. उलट दोन्ही एकत्र घेतल्यास दाब नको इतका उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच सुरू करा. गरोदरपणात टाळा.

प्रश्न : साखर नको म्हणून चहात रोज ज्येष्ठमधाची काडी घालते. तीन आठवड्यांत रक्तदाब वाढलाय आणि पायांवर सूज आहे. संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडतं. हे विकर एरवी तिथलं कॉर्टिसोल हे संप्रेरक निष्प्रभ करत असतं. ते अडलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. दाब चढतो, सूज येते, आणि पोटॅशियम फार घटलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर धोका आणखी मोठा. ‘हर्बल’ मिश्रणांच्या पुड्यांतही ज्येष्ठमध गोडीसाठी घातलेलं असतं. घटकांची यादी वाचूनच घ्या.

काडी आजच थांबवा. परिणाम ओसरायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्या. स्नायू लुळे वाटले, छातीत धडधडलं किंवा धाप लागली, तर तेवढीही वाट पाहू नका.