जपानी शिकतेय, पण बोलायचं कुणाशी?

प्रश्न : माझी मुलगी वीस वर्षांची आहे, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जपानीची एन-फाइव्ह परीक्षा पास झाली. आता तिला मोबाइलवरच्या ॲपवरून जपानी लोकांशी बोलायचा सराव करायचा आहे. दोनदा मी शेजारी बसून बोलू दिलं, पण तिला धड एक वाक्य येईना. 'एवढी फी भरून हेच का?' असं मी तिला विचारलं. रात्री-अपरात्री अनोळखी परदेशी माणसांशी बोलणं आम्हाला पटत नाही. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे, एकटाच राहतो. तिलाही तिकडे पाठवून एकदम एन-थ्री करून घेतलं की बोलणं आपोआप येईल. कोणता क्लास चांगला?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

क्लासचं नंतर बघू. 'दोनदा मी शेजारी बसून बोलू दिलं' या वाक्यावर मी अडले आहे. मुलगी पहिल्यांदाच परक्या भाषेत परक्या माणसाशी बोलायला बसते, शेजारी वडील कान देऊन बसलेले, आणि फोन ठेवताच फीचा हिशोब. तिथं वाक्य येईल कसं? तुम्ही कॉलेजात असताना वडिलांसमोर बसून कुणाशी इंग्रजी बोलून दाखवलं असतंत का? बोलायला शिकणं म्हणजे रोज चुकणं, आणि ज्या घरात चुकीची किंमत रुपयांत सांगितली जाते त्या घरात पोरगी तोंड मिटून घेते. मला काळजी वाटते ती याची. तिच्या जपानीची वाटत नाही.

आणखी एक स्पष्ट लिहिते. थोरला पुण्यात एकटा राहतो, तो कुणाशी काय बोलतो हे ऐकायला तुम्ही जात नाही. मग ही सगळी काळजी सुरक्षेचीच आहे का, हे स्वतःला विचारा.

आता एन-थ्रीचा गैरसमज. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा सगळ्यात सोप्या एन-फाइव्हपासून सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत पाच पातळ्यांची आहे आणि पाचांपैकी एकाही पातळीवर बोलण्याची परीक्षा होत नाही. शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं, तेही दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं. जर्मनच्या गोएथे परीक्षेत बोलण्याचा वेगळा भाग असतो, इथं तो नाही. म्हणून वरच्या पातळीचं प्रमाणपत्र हातात असलेली मुलंही मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात. तुमची मुलगी मेकॅनिकलची आहे. उद्या जपानी कंपनीत तिला मशीनसमोर उभं राहून बोलावं लागेल, आणि ते आपोआप येत नाही.

'रात्री-अपरात्री'चं म्हणाल, तर जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच. रविवारी सकाळी साडेसातला फोन लावला तर तिकडे अकरा. दार उघडं ठेवून हॉलमध्ये बसून बोलता येईल अशा या वेळा आहेत. फक्त तुम्ही तेवढा वेळ रंकाळ्यावर फिरायला जा.

हॅलोटॉक, टँडेम अशी ॲप आहेत. यात समोरचा शिकवणी घेत नाही, अर्धा वेळ त्याचा असतो : पंधरा मिनिटं जपानी, पंधरा मिनिटं इंग्रजी. हिंदी शिकणारं कुणी भेटलं तर उत्तमच. टोकियोच्या परदेशी भाषा विद्यापीठात आणि ओसाका विद्यापीठात हिंदी शिकवतात. जपानी माणूस 'आम्ही असं म्हणतो' एवढं सांगेल, का म्हणतो ते त्याला सांगता येईलच असं नाही. त्यामुळे व्याकरणासाठी शिक्षक लागतोच. शिवाय समवयस्क मुलं घरगुती जपानीत बोलतात. ती भाषा साहेबापुढे चालत नाही, हे तिनं सुरुवातीपासून लक्षात ठेवावं.

विषय आधी ठरवून बसावं. शिरोलीच्या फाउंड्रीत ओतकाम कसं होतं, हे पाच सोप्या जपानी वाक्यांत सांगायचं. तुटकं आलं तरी चालेल, पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा सांगायचं. एकच जोडीदार टिकला तर दहा नव्या ओळखींपेक्षा फायदा जास्त.

धोके आहेत, ते नाकारत नाही. फोन नंबर, पत्ता, कॉलेजचं नाव द्यायचं नाही. बोलणं ॲपवरच ठेवायचं. दुसऱ्याच दिवशी प्रेमाच्या गोष्टी, पैसे किंवा गुंतवणूक निघाली की ब्लॉक करायचं, कारणं देत बसायचं नाही. हे नियम तिच्याबरोबर बसून ठरवा. आणि काही विचित्र घडलं तर ती तुम्हाला सांगेल, एवढा भरवसा तिला द्या. 'बंद कर ते ॲप' हेच उत्तर मिळणार असेल, तर ती काहीच सांगणार नाही.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यात केंद्र आहे. एन-फोर सोडून थेट एन-थ्रीला बसता येतं, पण मी घाई करणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या परदेशी भाषा विभागात आधी चौकशी करा. पुण्याच्या क्लासचा निर्णय सहा महिने लांबवा, आणि तेव्हाचं पत्र तिला लिहू द्या. या पत्रात तिला स्वतःला काय वाटतं, ते एका ओळीपुरतंच आलं आहे.