भरावात मिळालेल्या दगडी गाठीत पानाचा ठसा निघाला आहे. त्याला नाव कसे द्यावे, आणि उरलेल्या गाठी फोडाव्यात का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: उमरेड रोडवरील तुमच्या प्लॉटवर टाकलेल्या भरावात तुम्हाला सहा गोलसर, जड दगड मिळाले. त्यांतला एक हातातून पडून दुभंगला आणि आत पानाची आकृती दिसली. अमेरिकेतील अशाच गाठींची छायाचित्रे इंटरनेटवर पाहून तुम्ही त्या पानाला ‘न्यूरोप्टेरिस’ म्हटले आहे, उरलेल्या पाचांपैकी एक डायनासोरचे अंडे असावे असे घरच्यांना वाटते, आणि ते पाच फोडावेत की नाही हे तुम्हाला विचारायचे आहे. मी नागपुरातच राहतो आणि बरीच वर्षे या परिसरातील जीवाश्म गोळा करून त्यांची नोंद ठेवत आलो आहे, म्हणून उत्तर देतो. मात्र त्याआधी एक विनंती आहे. ज्याने भराव टाकला त्या ट्रकवाल्याला आजच फोन करून तो भराव कोणत्या खाणीच्या ओबीच्या (म्हणजे कोळशावरून काढून बाजूला टाकलेल्या माती-दगडाच्या) ढिगातून, कोणत्या नाल्यातून किंवा कोणत्या खोदकामातून उचलला होता ते विचारा आणि त्याचे उत्तर तारखेसह कागदावर लिहून ठेवा. दोन महिन्यांनी त्याला ते आठवणार नाही, आणि ठिकाण हरवलेल्या जीवाश्माला पुढे कोणताही जाणकार नेमके नाव देऊ शकणार नाही.

ठिकाणावर मी इतका भर देतो त्याचे कारण तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही पाहिलेली छायाचित्रे बहुधा इलिनॉय राज्यातील मॅझन क्रीक परिसरातील गाठींची आहेत. तिथेही कोळसा काढताना बाजूला टाकलेल्या मातीच्या ढिगांत लोहयुक्त गाठी सापडतात आणि त्या उघडल्यावर पाने, कोळंबीसारखे प्राणी, कीटक, इतकेच काय पण जेलीफिशसारखे मऊ शरीराचे जीवसुद्धा मिळतात. फ्रान्सिस टुली या हौशी संग्राहकाला तिथेच एक विचित्र प्राणी मिळाला. त्याला त्याच्या नावावरून ‘टुलिमॉन्स्ट्रम’ म्हणतात आणि तो कोणत्या गटातला, यावर अजूनही वाद आहे. पण त्या गाठी सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीच्या, कार्बोनिफेरस काळातील आहेत, आणि त्या वेळी तो प्रदेश विषुववृत्ताजवळ होता. आपल्याकडील कोळसा त्यानंतरच्या पर्मियन काळातला, म्हणजे २९.९ ते २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यानचा आहे. तो दक्षिणेकडील गोंडवन या महाखंडावर, थंड आणि समशीतोष्ण हवामानातील अगदी वेगळ्या वनांपासून तयार झाला. दोन्हीकडे कोळसा आहे आणि दोन्हीकडे पाने आहेत. पण जंगल एक नाही. म्हणून तिथल्या चित्रांच्या पुस्तकातून इथल्या पानाचे नाव शोधणे ही चुकीची सुरुवात आहे.

आता पानाकडे येतो. तुम्ही लिहिले आहे की आकार जिभेसारखा लांबट आहे, लांबी बोटाएवढी आहे आणि मधोमध एक ठळक रेघ आहे. न्यूरोप्टेरिस म्हणजे मोठ्या संयुक्त पानाची छोटी दले. दलाचा तळ बहुधा हृदयाकृती असतो, ते एका बिंदूत देठाला चिकटलेले असते, मधली शीर टोकापर्यंत न जाता अर्ध्या वाटेतच विरून जाते आणि बाजूच्या शिरा कमानीसारख्या वळत कडेकडे जातात, पण एकमेकींना मिळत नाहीत. तुमच्या वर्णनातील पान अखंड आहे आणि त्याची मध्यशीर टोकापर्यंत पोचते. हे वर्णन ‘ग्लॉसॉप्टेरिस’चे आहे. ग्रीक भाषेत ‘ग्लॉसा’ म्हणजे जीभ. हे नाव ब्राँन्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये दिले.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासा. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. सकाळी ऊन खिडकीतून तिरपे येते तेव्हा दगड आडवा धरून हळूहळू फिरवा. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट वाटणारा ठसा तिरप्या उजेडात एकदम उठून दिसतो. मध्यशिरेपासून निघणाऱ्या बारीक शिरा कडेकडे जाताना एकमेकींना पुन्हा पुन्हा मिळून लांबट जाळी विणत असतील, तर ते ग्लॉसॉप्टेरिस आहे. जाळी आहे पण स्पष्ट मध्यशीर नाही, असे असेल तर ‘गॅंगमॉप्टेरिस’चा विचार करावा लागतो. जाळीची घरे रुंद की अरुंद, मध्यशिरेजवळ मोठी की सगळीकडे सारखी, यावर पुढची जात ठरते, आणि ती ठरवणे तज्ज्ञांवर सोडावे. एक सूचना प्राण्यांविषयीही देतो. या थरांत मणक्यांची माळ दिसावी तसा, आडव्या रेघांनी खंड पडलेला एक पट्टा मिळतो आणि तो पाहून भल्याभल्यांना सापाचा किंवा माशाचा कणा सापडल्याचा भास होतो. त्याला ‘व्हर्टिब्रारिया’ म्हणतात. नावातच मणका आहे, पण ते ग्लॉसॉप्टेरिस वृक्षाचे मूळ आहे.

या पानांशी नागपूरचे नाते जुने आहे. १८४५ मध्ये इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी, सिलेवाडा या भागांतील दगडांतून पाने आणि शहराच्या वायव्येकडील टाकळीच्या थरांतून गोड्या पाण्यातील शंख गोळा केले. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनला छापला गेला आणि त्यांनी पाठवलेल्या वनस्पतींचे वर्णन बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. दक्षिणेकडील मांगलीच्या चपट्या डोक्याच्या उभयचराची कवटीही त्याच काळात इंग्लंडला पोचली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिले. आज जगभरचे भूवैज्ञानिक ‘कामठी’ हे नाव एका खडकसमूहासाठी वापरतात. आणि १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने शेवटपर्यंत ओढत आणलेल्या सुमारे १६ किलो दगडांत हेच ग्लॉसॉप्टेरिस होते. तुमच्या हातातल्या पानाचे भाऊबंद अंटार्क्टिकात आहेत, हे मला अजूनही अंगावर काटा आणणारे वाटते.

गाठ म्हणजे काय हे समजले की उरलेल्या दगडांकडे कसे पाहायचे ते कळते. भूविज्ञानात तिला काँक्रीशन म्हणतात. पान किंवा मासा चिखलात गाडला गेला की तो कुजताना जिवाणूंमुळे त्याच्या भोवतालच्या पाण्याचे रसायन बदलते. त्या गाळात लोह भरपूर आणि सल्फेट कमी असेल तर लोहाचे कार्बोनेट, म्हणजे सिडेराइट, त्या जीवाभोवती साचू लागते आणि तेवढाच चिखल सिमेंटसारखा घट्ट होतो. सल्फेट भरपूर असलेल्या समुद्राच्या पाण्यात हेच लोह गंधकाकडे जाते आणि पायराइट बनते. वरच्या गाळाचे ओझे वाढून भोवतालचा चिखल पापडासारखा दबण्याआधीच गाठ घट्ट झालेली असते, म्हणून आतल्या जीवाचा उठाव टिकतो आणि बाहेरचे थर गाठीला वळसा घालून वाकलेले दिसतात. उघड्यावर आल्यावर बाहेरचा सिडेराइट गंजतो. त्यामुळे साल तांबूस-तपकिरी आणि गाभा राखाडी, अशी गाठ आपल्याला मिळते. आपल्या देव्हाऱ्यातला चक्रांकित शाळिग्राम ही अशीच एक गाठ आहे: काळी गंडकीच्या पात्रात मिळणारी, हिमालयातील जुरासिक काळच्या सागरी शेलमधून (चिखल दबून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकातून) सुटून आलेली, आणि चक्राच्या जागी ॲमोनाइट या सागरी प्राण्याचे शंख असलेली.

मात्र प्रत्येक गाठीत काही असतेच असे नाही. बहुतेक गाठी रिकाम्या निघतात. शिवाय आपल्याकडे पानांचे ठसे गाठींपेक्षा थरांच्या पापुद्र्यांवरच अधिक मिळतात, त्यामुळे तुमची गाठ विशेष जपण्यासारखी आहे.

आता उरलेले पाच. आधी वजन पाहा. सिडेराइटची गाठ तेवढ्याच आकाराच्या वालुकाश्मापेक्षा हाताला स्पष्टपणे जड लागते, कारण सिडेराइटची घनता सुमारे ३.९ आणि वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५ असते. पांढुरका, खडबडीत, हलका आणि सौम्य आम्लाचा थेंब टाकताच जोरात फसफसणारा दगड बहुधा काळ्या मातीतला चुनकंकर असेल. सिडेराइट थंड आम्लात जेमतेम फसफसतो. अंड्यासारखा वाटणारा दगड कांद्यासारखे एकाखाली एक पापुद्रे सोडत असेल, तर तो काळ्या पाषाणाचा झिजून गोल झालेला गोटा आहे. मुरमाच्या कोणत्याही खाणीत असे गोटे शेकड्यांनी दिसतात. खऱ्या डायनासोरच्या अंड्याला एकच, एक ते काही मिलिमीटर जाडीचे कवच असते आणि भिंगातून त्यावर दाणेदार नक्षी व सूक्ष्म छिद्रे दिसतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: भराव खरोखर कोळशालगतच्या थरांतला निघाला, तर त्यात डायनासोरचे अंडे असणे शक्य नाही, कारण डायनासोर त्या थरांनंतर काही कोटी वर्षांनी अवतरले. विदर्भात त्यांचे अवशेष पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याचे नाव घ्यावे लागते. तिथे हाडांबरोबर अश्मीभूत विष्ठेचे गोळेही मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या गोळ्यांत गवताचे सिलिकामय सूक्ष्म कण दाखवले आणि डायनासोरच्या काळी गवत होते हे प्रथमच सिद्ध झाले. एका ओबडधोबड गोळ्यात काय दडलेले असू शकते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, म्हणून ‘साधा दगड’ ठरवून काही फेकून देऊ नका.

फोडण्याबाबत माझे मत असे आहे की पाचही एकदम फोडू नयेत. जड आणि तांबूस सालीच्या गाठींपैकी एकच निवडा. मॅझन क्रीकचे संग्राहक गाठी पाण्याच्या बादलीत हिवाळाभर बाहेर ठेवतात आणि बर्फ बनून पुन्हा वितळताना त्या आपोआप कमजोर पातळीवर, म्हणजे बहुधा जीवाश्माच्या पातळीवरच, उघडतात. नागपुरात हे काम घरच्या फ्रीजरला करावे लागेल. गाठ आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, मग पाण्यासह प्लास्टिकच्या डब्यात रात्रभर गोठवा, दिवसा वितळू द्या, आणि हे वीस-पंचवीस वेळा करण्याची तयारी ठेवा. कडेने केसासारखी चीर दिसली की गाठ उभ्या कडेवर धरून त्या चिरेवर छोट्या हातोडीने हलके टोले द्या. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. पापुद्र्यांच्या शेलवरचे ठसे मात्र कधीही पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये ठेवू नका. त्यांचा चुरा होतो. गाठ उघडली की दोन्ही अर्धे जपा. एकावर उठाव असतो, दुसऱ्यावर त्याची खोलगट बाजू असते, आणि पुष्कळदा शिरांची जाळी त्या दुसऱ्या अर्ध्यावरच अधिक स्पष्ट उमटलेली असते.

ठशावर तेल, वार्निश, नेलपॉलिश असे काहीही लावू नका. माझ्या संग्रहातील पहिल्या चांगल्या पानावर शिरा उठून दिसाव्यात म्हणून मी फर्निचरचे वार्निश फिरवले होते. दोन दिवस ते सुरेख दिसले. नंतर भिंगाखाली धरले तेव्हा शिरांमधली बारीक घरे वार्निशने भरून गेली होती आणि सगळीकडे चकाकीशिवाय काही दिसत नव्हते. ते पान मी एका भूविज्ञानाच्या प्राध्यापकांना दाखवले, तेव्हा त्यांना त्यावर ‘ग्लॉसॉप्टेरिस, जात अनिश्चित’ एवढेच लिहिता आले. ती जात आता कायमची अनिश्चित राहणार आहे आणि याचे मला अजून वाईट वाटते.

प्रत्येक दगडाच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहा आणि त्याच क्रमांकाने वहीत ठिकाण, तारीख, कोणी दिला, कशात मिळाला हे नोंदवा. भराव ढिगातून आला असेल तर ‘ढिगातून, मूळ थर अज्ञात’ असेच लिहा. अंदाजाने थराचे नाव घालणे हे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट आहे. आणखी गाठी शोधायला खाणीच्या ढिगावर परवानगीशिवाय जाऊ नका, आणि पावसाळ्यात तर परवानगी असली तरी नको, कारण ते उतार घसरतात. वनक्षेत्रातून दगडही उचलता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात खडक आणि खनिजे वनोपजातच मोडतात.

ओळख पक्की करण्यासाठी नागपूर विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात किंवा सेमिनरी हिल्सवरील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी छायाचित्रांसह पत्र पाठवा. दोन्ही अर्ध्यांची छायाचित्रे तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. एक संपूर्ण पानाचे, एक मध्यशिरेजवळच्या जाळीचे आणि एक कडेचे, अशी तीन पुरेत. हीच तीन इथेही टाकलीत आणि ट्रकवाल्याने सांगितलेले ठिकाण सोबत लिहिलेत, तर जाळीविषयी मला काय दिसते ते मी पुढे लिहीन.