पहिल्यांदा सायकल रस्त्यावर काढताना

वेगाचं नंतर बघ, आधी रस्त्यावर आपली जागा कोणती ते नीट समजून घे. नवखा माणूस घाबरून अगदी कडेला चिकटतो आणि उभ्या गाड्यांच्या दारांत सापडतो. माझा पहिला मोठा अपघात असाच झाला. समोर अचानक दार उघडलं, ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नाही, खांद्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून उभ्या गाडीपासून किमान १ मीटर अंतर सोडतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

ट्रक आणि बसपुढे मात्र हट्ट नको. आरशात चालकाचा चेहरा तुला दिसत नसेल, तर तूही त्याला दिसत नाहीस. वळताना लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून सिग्नलला लांब गाडी आणि रस्त्याची कड यांच्यातल्या फटीत कधीही शिरू नकोस. मागे थांब.

ब्रेकचा सराव मोकळ्या जागी कर. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो. अंग मागे सरकवून तो हळूहळू दाबायचा. करकचून दाबलास तर हँडलवरून फेकला जाशील. ओल्या रस्त्यावरची लोखंडी झाकणं आणि रंगाचे पट्टे सरळ ओलांड, त्यांवर वळू नकोस.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदल, आतला फोम चेपलेला असतो. आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेव.