पोळी-भात सोडला, मग हात का थरथरतात?

“मॅडम, पोळी नाही, भात नाही, साखर नाही. पहिल्या आठवड्यात ३ किलो उतरले आणि मग काटा हलायलाच तयार नाही. वर सकाळी अकराच्या सुमारास हात थरथरतात, डोकं ठणकतं, रात्री पोटरीत गोळे येतात. शाकाहारी माणसाला लो-कार्ब मानवतच नाही का?”

विचारणाऱ्या ताई कर्वेनगरच्या. वय ४८, वजन ७४ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.६. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी लघवीचं औषध मिसळलेली गोळी. घरात अंडंही चालत नाही. अशीच तक्रार पुण्यातले बरेच जण घेऊन येतात, म्हणून त्यांची गोष्ट सविस्तर सांगते.

आधी हात थरथरण्याचं बघू, कारण ते थांबवणं सगळ्यात तातडीचं होतं. ताई सकाळी गोळी घेत आणि वर बिनसाखरेचा चहा, काकडीच्या चार फोडी. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात काही असो वा नसो. त्या वेळी बोटातून साखर तपासायला सांगितली, ६४ निघाली. ७० च्या खाली गेली की ३ चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. इथे लो-कार्बची तत्त्वं आठवत बसायचं नाही. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. ग्लिमेपिराइड बंद झालं, मेटफॉर्मिन तसंच राहिलं, रक्तदाबाच्या गोळीतलं लघवीचं औषध निघालं.

डोकेदुखी आणि पोटरीतल्या गोळ्यांचं मूळ मीठ कमी पडण्यात होतं. पिष्टमय पदार्थ कमी झाले की यकृत-स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरलं जातं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी सुटतं. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठही बाहेर टाकतात. पहिल्या आठवड्यातले ते ३ किलो बहुतेक पाण्याचे. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात माणूस हिरमुसतो. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर दुपारी एक ग्लास ताक, त्यात पाव चमचा मीठ, एवढ्यावर चार-पाच दिवसांत डोकं उतरलं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे मीठ मनाने वाढवू नये.

आता वजन का थांबलं? रोजची वही वाचताना उत्तर दिसलं. दिवसभर पालेभाजी आणि कोशिंबीर, पण संध्याकाळी पाचला वाटीभर ‘डाएट चिवडा’, रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, नंतर खजुराचे दोन लाडू. “ज्वारी चालते ना? आणि लाडवात साखर घातलेली नाही!” त्यांना घरी पिठाचा गोळा वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं. फुलक्याचा गोळा २५ ग्रॅम पिठाचा भरला, भाकरीचा ७०. म्हणजे फुलक्यात सुमारे १७ ग्रॅम कार्ब (पिष्टमय पदार्थ आणि साखर) आणि भाकरीत ४८. ज्वारी उत्तम धान्य आहे, पण कार्बच्या हिशेबात ती गव्हाच्या पंगतीलाच बसते. चिवडा भाजक्या पोह्यांचा, लाडू खजुराचा, सगळं मिळून संध्याकाळनंतर १५० ग्रॅमच्या आसपास कार्ब. सकाळी उपाशी, रात्री भरपेट. शिवाय प्रथिनं दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम, त्यामुळे चारनंतरची भूक आवरणं कुणालाच जमलं नसतं. ताई स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देत होत्या, तो मला अन्यायाचा वाटला.

दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब ठेवणारा किटो आहार त्यांना दिला नाही. डाळी-उसळी हाच प्रथिनांचा आधार असलेल्या घरात तो फार दिवस टिकत नाही. दिवसाला १०० ग्रॅम कार्ब आणि ६५ ते ७० ग्रॅम प्रथिनं ठरवली. सकाळी ४० ग्रॅम भिजवलेल्या मुगाचं धिरडं, आत ५० ग्रॅम पनीर. दुपारी एक फुलका, मोठी वाटी मटकीची उसळ, दोन वाट्या भाजी, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, वाटीभर दही. संध्याकाळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले दाणे. रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा टोफू भाजीत परतून आणि वाटीभर घट्ट वरण, भाताशिवाय. सासूबाईंना हे वरण चमच्याने खाणं पटेना, पण स्वयंपाक वेगळा करावा लागत नाही हे बघून त्यांनी विषय सोडला. घरच्यांच्या ताटात तेच पदार्थ, फक्त पोळ्या जास्त.

अडचण संकष्टीला आली. ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत ६५ ग्रॅम कार्ब असतात आणि प्रथिनं साबुदाण्यात नावाला. त्याऐवजी दाण्याची आमटी, अर्धी वाटी वरीचा भात, काकडीची कोशिंबीर, दही. फिरून येताना अमृततुल्य चहा व्हायचा, त्यात साखर उकळतानाच पडलेली असते. तो आठवड्यातून एकदाच ठेवला. बद्धकोष्ठ झालं तेव्हा भाजी वाढवली आणि एक चमचा इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कार्ब एकदम तोडणं धोक्याचं: साखर फारशी न वाढताही रक्तात किटोन आम्लं साठू शकतात. इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

तीन महिन्यांनी ताईंचं वजन ६९.५, कंबर ९१, एचबीए१सी ६.८. मधल्या एका लग्नानंतर वजन दोन दिवसांत किलोभर वर गेलं होतं, तेही पाणीच, चार दिवसांत उतरलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र ११८ वरून १४६ झालं. वही पाहिली तर “आता तूप चालतं” म्हणून धिरड्याला, भाजीला, वरणाला मिळून रोज चार-पाच चमचे तूप आणि चहात साय. तूप एका चमच्यावर आणलं, साय बंद केली, स्वयंपाक शेंगदाणा तेलात मोजून तीन चमचे. आठ आठवड्यांनी पुन्हा कोलेस्टेरॉल तपासायचं आहे. आकडा उतरला नाही तर औषधाचं डॉक्टर ठरवतील, हे ताईंना आत्ताच सांगून ठेवलं आहे.