ॲल्युमिनियमच्या भागातल्या पोलादी स्क्रूचं डोकं गोल झालं आहे. ईझी-आउट कुठल्या मापाचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की पंपाच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीवर झाकण आहे, त्याला फुलीच्या खाचेचे चार पोलादी स्क्रू आहेत, दोन निघाले आणि दोनांची डोकी गोल झाली. रबर बँड ठेवून फिरवायची युक्ती चालते का, असंही विचारलंय.

रबर बँडचं आधी संपवते. नाही चालत. ढिल्या स्क्रूला चालत असेल, पण धातूत जाम झालेल्या स्क्रूपुढे तो पहिल्याच पिळाला फाटतो आणि त्याचे तुकडे खाचेत बसतात. ते टाचणीने कोरून काढत बसायचं, एवढीच कमाई.

आणि ईझी-आउट, म्हणजे स्क्रूत भोक पाडून त्यात उलटा पिळून घालायचं निमुळतं हत्यार, घेऊ नका. कुठल्याच मापाचा. का, ते सांगायचं तर आमच्या घरातलं एक जुनं भांडण उकरावं लागेल. त्याला इलाज नाही.

मी १९ वर्षांची होते. बाबांची जपानी बनावटीची मोटरसायकल होती, पुढे डिस्क ब्रेक. हँडलवर ब्रेकच्या लिव्हरजवळ मास्टर सिलिंडरची छोटी डबी असते ना, तिच्या झाकणाला दोन एम४ (४ मिमी जाडीचे) स्क्रू, डोकी झाकणात बुडवलेली. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून ते दोनेक वर्षांनी बदलायचं असतं. आमचं शेवटचं कधी बदललं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यात वरून पावसाचं पाणी. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आट्यांत पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि स्क्रू आतून आवळला जातो. बाहेरून बघाल तर सगळं चकाचक.

दादा सुट्टीवर आला होता. त्याने डब्यातला 'स्टार' उचलला आणि उभ्या उभ्या, गाडी स्टँडवर असतानाच पिळायला लागला. मी शेजारीच बसले होते. कर्र. परत कर्र. मग दुसरा स्क्रू, त्याच्यावर तर जास्तच राग काढला. "हे आजचं काम नाही," म्हणून हात धुतले आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी ते काम माझ्या हातात आलं. शेवटी जे काही मोडलं ते माझ्या हातात मोडलं, आणि तेव्हापासून चार माणसं जमली की दादा सुरू होतो: "हिने बाबांच्या गाडीचा ब्रेक मोडला होता, आणि आता हिला कंपनीत मशीनं दुरुस्त करायचा पगार मिळतो."

मिळतो. मेंटेनन्समध्ये आहे मी, आणि जाम स्क्रू हे माझं रोजचं काम आहे. म्हणून सांगते, स्क्रू ज्याच्या हातात शेवटी तुटतो त्याने तो बिघडवलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो पहिल्या कर्रलाच गेलेला असतो.

आपण ज्याला सरसकट स्टार म्हणतो त्या फुलीच्या खाचा एका जातीच्या नाहीत. फिलिप्सची खाच १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत रुळली. ड्रायव्हर आपोआप मध्यभागी बसतो, जोडणीच्या रांगेत वेळ वाचतो, हा तिचा गुण. पण तिच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर सरकून बाहेर उडी मारतो. जपानी मानकाची, म्हणजे जेआयएसची खाच दिसायला तशीच, पण आतली ठेवण वेगळी. तिच्यात फिलिप्सचा ड्रायव्हर पूर्ण खोल बसत नाही. टोक आधी टेकतं, पंखांच्या मुळाशी असलेली गोलाई आड येते आणि सगळा जोर खाचेच्या वरच्या काठावर येतो. काठ गेला की स्क्रू गेला. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, ते बघायची सवय लावा. (टिंब नाही म्हणजे जेआयएस नाहीच, असं मात्र नाही.) फुलीच्या मध्ये तिरक्या बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह, त्याचा ड्रायव्हर तिसराच.

तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढंच दिसलं की बिट, म्हणजे ड्रायव्हरचं सुटं टोक, खाचेत ठेवलं की डुगडुगतं. मी त्याचं टोक मिलिमीटरभर घासून टाकलं, तेव्हा ते खाली जाऊन बसलं. मास्टर सिलिंडर हँडलवरून उतरवून घेतला, फ्लुइड ओतून दिलं, जमिनीवर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर टेकवला. शेजारच्या काकांकडून ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मागून आणला, म्हणजे मागे हातोडी मारली की तो बिट खाली दाबतो आणि त्याच झटक्यात थोडं फिरवतो. डावा स्क्रू तिसऱ्या ठोक्याला सुटला. उजव्याच्या खाचेचं मात्र दादाने नरसाळं करून ठेवलं होतं. बिटला धरायलाच काही नव्हतं.

इथे मी चूक केली, आणि ती मी कधीच नाकारलेली नाही. ईझी-आउट आणला.

आता हिशोब बघा. एम४ स्क्रूचा आट्यांखालचा गाभा जेमतेम ३.१ मिमी. त्यात २ मिमीचं भोक पाडायचं आणि त्या भोकात मावेल एवढाच ईझी-आउट घालायचा, म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढा. जो स्क्रू अख्ख्या ड्रायव्हरला आणि हातोडीला दाद देत नाही, तो या काडीला देणार? वर पिळाचा ईझी-आउट निमुळता असतो. तो जसा आत जातो तसा स्क्रूची उरलेली पातळ भिंत बाहेर ढकलतो, म्हणजे आटे आणखी घट्ट. आणि तो कडक पोलादाचा असल्यामुळे वाकत नाही, सरळ तुटतो. माझाही तुटला. टक्. त्या आवाजाने पोटात जो खड्डा पडतो तो ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल. कारण आता भोकात जे बसलंय ते साध्या एचएसएस ड्रिलला ऐकत नाही. कार्बाइडचं हत्यार लागतं, नाहीतर स्पार्क इरोजन, जिथे ठिणग्यांनी धातू झिजवत तुकडा काढतात.

एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या वयस्क फिटरकाकांनी डबी हातात फिरवून बघितली आणि विचारलं, "झाकण नवं मिळतं का?" मी म्हटलं, मिळत असेल. त्यांनी हॅकसॉचं पातं घेतलं आणि उजव्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंनी झाकणच कापलं. ईझी-आउटच्या तुकड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. झाकणाचे तुकडे सुटल्यावर स्क्रू डोक्यासकट उघडा, खांबासारखा उभा. त्यावर उकळतं पाणी ओतलं, लॉकिंग पक्कड लावली, आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग उलट. निघाला. चहा निवायच्या आत काम झालं. "तू ज्याच्याशी भांडत होतीस तो तुकडा फेकायचाच होता," म्हणाले, "मग त्याला वाचवत कशाला होतीस?"

त्या उकळत्या पाण्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ४ मिमीच्या स्क्रूभोवती ७५ अंशांच्या फरकाने पडणारी फट सुमारे तीन मायक्रॉन, म्हणजे काहीच नाही. पण आट्यांतला तो पांढरा पापुद्रा एवढ्यानेही तडकतो. म्हणून स्क्रूला नाही, भोवतालच्या भागाला तापवायचं.

आता तुमचा पंप. स्क्रूचं माप तुम्ही दिलेलं नाही, एम५ धरते. डोकं झाकणात बुडालंय की वर आहे तेही लिहिलेलं नाही, आणि तो प्रश्न ईझी-आउटच्या मापापेक्षा महत्त्वाचा आहे. वर असेल तर डोक्याच्या काठाला लॉकिंग पक्कड लावून बघा. नाहीतर काठावर छिन्नीने खाच करून, छिन्नी तिरकी धरून उलट्या दिशेला ठोके द्या. ओबडधोबड दिसतं, पण चालतं. बुडालेलं असेल तर सरळ डोकं उडवा. ५ मिमीचं ड्रिल, कमी वेग, भरपूर तेल. फुलीची खाचच ड्रिलला मध्यभागी धरून ठेवते, तेवढा त्या गोल झालेल्या खाचेचा उपयोग. डोक्याच्या खोलीपर्यंत गेलात की डोकं कड्यासारखं ड्रिलवर चढून येतं आणि झाकण सुटतं. आणि झाकण सुटलं की गंमत बघा, स्क्रूवरचा ताणच गेला. मघाशी हलत नव्हता तोच आता पाच-सात मिलिमीटर वर उभा आहे आणि पकडीने फिरतोय. लगेच नाही फिरला तर तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी वरून हलके ठोके द्या, गरम पाणी घाला, थोडं पुढे थोडं मागे करत काढा. एका दमात पिळाल तर तो बुडाशी तुटेल.

तेलाचं म्हणाल, तर डब्ल्यूडी-४० सगळेच मारतात. ते १९५३ साली बनलं ते पाणी हटवण्यासाठी, नावातले डब्ल्यू आणि डी त्याचेच. गंजलेल्या आट्यांसाठी वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते घ्या. आणि वेळ द्या. दादासारखे पाच मिनिटं थांबून "तेलाने काही होत नाही" म्हणू नका.

बुडाशी तुटलाच तर सेंटर पंच नेमका मध्यभागी मारा. आधी बारीक ड्रिल, मग ४.२ मिमी, मग टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ. ड्रिल एका बाजूला सरकलं तर आटे गेले समजा, मग भोक मोठं करून तारेचा थ्रेड इन्सर्ट बसवायचा. त्यात कमीपणा नाही. मऊ ॲल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षा टिकतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ड्रिल आणि छिन्नीच्या वेळी डोळ्यांवर गॉगल हवाच. ब्रेक फ्लुइड पेट घेतं आणि रंगही खातं, त्यामुळे तसल्या भागाजवळ ज्योत नको. उकळतं पाणी ओतायच्या आधी तो भाग उतरवून रिकामा करा. आमचा मास्टर सिलिंडर नंतर पूर्ण खोलून धुतला, सील नवे घातले, तेव्हाच गाडीवर चढवला. धातूचा कीस आत ठेवून ब्रेक लावायचा नसतो. स्क्रूला कडक थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा गोंद) लावलेला असेल तर उकळत्या पाण्याने भागणार नाही, त्याला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि तिथे पंपाचे रबरी सील जवळ असतील तर ते आधी काढा.

आणि हो, ईझी-आउट कुठल्याच मापाचा नको म्हटलं ते थोडं रागात म्हटलं. एम१० किंवा त्याहून मोठा बोल्ट जास्त ताणाने तुटला असेल आणि आटे मोकळे असतील, तर तो चालतो. पण तिथे बऱ्याचदा उलट्या पिळाचं ड्रिलच पुरतं, भोक पाडता पाडता तुकडा फिरून बाहेर येतो. तुमचा स्क्रू त्या जातीचा नाही.

नवे स्क्रू लावताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावा. जमलं तर ॲलनच्या, म्हणजे षटकोनी खाचेचे घ्या. आणि पंप कुठे बनलाय ते बघा, जपानचा असेल तर टिंब शोधा.

तो डावा स्क्रू मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. भिंगाखाली बघितलं तर टिंब स्वच्छ दिसतं. खाचेच्या भिंतींचा वरचा अर्धा भाग खरवडून निघालाय, खालच्या अर्ध्यावर माझ्या घासलेल्या बिटचे चार ठसे आहेत, बाकी कोरा. वरचं कुणाचं आणि खालचं कुणाचं, हे कुठलाही फिटर सांगेल. दादाला मी तो दोनदा दाखवायला नेला. दोन्ही वेळा त्याचा चष्मा दुसऱ्या खोलीत होता.